जेसनच्या मानेतली गाठ

माझ्या भावाचा मुलगा जेसन जन्मल्यापासून आजारीच. सर्दी झाली की हटायची नाही, खोकला तर पाचवीला पुजलेला. आमच्या पाचूबंदर गावात जो तो डॉक्टर. कुणी काढा सांगायचं, कुणी दृष्ट काढायला यायचं. मी मासळी विकते, फुकटचे सल्ले मला नवे नाहीत. पण कारण कळल्याशिवाय मला चैन पडेना. म्हणून फ्लोरावहिनीबरोबर मीच मुंबईला हॉस्पिटलात जायची आणि डॉक्टरीणबाईंचं डोकं खायची.

"रोगाशी लढणाऱ्या पेशी हाडांतल्या मज्जेत जन्मतात," बाई म्हणाल्या. "पण आपोआप मोठ्या होत नाहीत. वाढा, शिका, कामाला लागा, असा निरोप शरीर त्यांना धाडतं. जेसनच्या पेशींना तो निरोप ऐकूच येत नाही."

"म्हनजे बंदरावरून हाक मारतात, नि होडीवरचा वायरलेस बंद?"

"अगदी तसंच."

"मग मोठ्यानं वरडायचं!"

बाई हसल्या. मला रागच आला, हसण्यासारखं काय होतं त्यात? "वायरलेसच बंद, तर ओरडून काय उपयोग? होडीच दुसरी हवी," त्या म्हणाल्या. नाहीतर जेसन वर्षही काढणार नाही, हेही त्यांनी तेव्हाच सांगून टाकलं. 

दुसरी होडी घरातच सापडली. जेसनची मोठी बहीण शॅनन, दुसरीत शिकते. तिची मज्जा त्याच्याशी जुळली.

"आत्या, माझ्या पेशी त्याच्यात गेल्यावर माझं आयकनार का त्याचं?" तिनं विचारलं. मला काय कळतंय? मी बाईंना विचारलं.

"निरोप त्याच्या शरीराचा, ऐकणाऱ्या पेशी हिच्या," बाई म्हणाल्या. शॅनन हिरमुसली. भाऊ आता आपलं ऐकेल, अशी तिची समजूत होती.

शॅननची मज्जा जेसनला दिली. पेशी रुजल्या, पण शिकून तयार व्हायला वेळ लागेल, असं बाई म्हणाल्या. तोवर घरात पाहुणा नाही की शेजारी नाही. मीसुद्धा आंघोळ करून, मास्क लावून दारातूनच त्याला बघायची. फार जीव तुटायचा.

आणि एका सकाळी जेसनला ताप आला. त्याचं अंग पुसताना फ्लोराच्या हाताला मानेत गाठी लागल्या, दोन्ही बाजूंना. आम्ही तसेच हॉस्पिटलात धावलो.

बाईंनी मान चाचपली. घशात टॉर्च मारला. पुन्हा मान चाचपली.

"बाई, बोला ना कायतरी!" मी ओरडलेच.

"आधी इथं हाताला काही लागायचंच नाही," त्या म्हणाल्या. "लढणाऱ्या पेशी जमतात ती जागा रिकामी होती. आता भरलीय."

संध्याकाळी रक्ताचा रिपोर्टही तेच म्हणाला. ताप साधाच होता. त्याचं त्या पेशीच बघून घेणार होत्या. फ्लोरा रडली, मीही रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

घरी आल्यावर फ्लोरानं शॅननचं बोट धरून त्यातल्या एका गाठीवर ठेवलं. वाटाण्याएवढी, बोटाखाली हलणारी. शॅनन मास्क लावलेलं तोंड भावाच्या मानेपाशी नेऊन आपल्या पेशींना हळूच म्हणाली,

"आता आयकू येतं ना गं?"