उजव्या कडेचा बॉल

ड्रायव्हरला पूलच्या खेळाचा नाद तरुणपणापासून. बस डेपोत लावली की क्लबातल्या हिरव्या टेबलावर काठीने दोन डाव टाकल्याशिवाय त्याचा पाय घराकडे वळायचा नाही. "एवढं पूल-पूल करता, नदीवर एखादा बांधून तरी दाखवा," असं बायको म्हणायची. पण खेळ मात्र पक्का. त्याने म्हटलं त्या पॉकेटात बॉल मुकाट जायचा.

मग काहीतरी बिनसलं. उजव्या कडेचे अगदी सोपे बॉल हुकायला लागले. क्लबातली मंडळी तोंडावर हसली नाहीत, एवढंच. त्यांना विचारायची लाज वाटली म्हणून त्याने फोनवरच्या पूलवाल्यांच्या ग्रुपवर विचारलं. तिथे कोण कुणाचं तोंड बघतंय?

उत्तरांची रीघ लागली. एक म्हणे काठी हलकी घ्या, दुसरा म्हणे जड घ्या, तिसऱ्याने दोघांची अक्कल काढली. सगळ्यांत वजन होतं ते 'उस्ताद' म्हणवणाऱ्याला. तो आकृत्या काढून समजवायचा आणि कुणी शंका काढली की त्याला फाडून खायचा. उस्ताद म्हणाला, "तुमचं कोपर मुळातच चुकीचं. आजवरचं सगळं विसरा, पहिल्यापासून शिका."

त्या गर्दीत एका बाईने दोनच ओळी लिहिल्या. ग्रुपवर तिला सगळे मावशी म्हणत. "आधी एक डोळा झाकून बघा, मग दुसरा. फरक वाटला तर डॉक्टरकडे जा. काठीचं मागाहून बघू."

"मावशी, इथे खेळ चाललाय," उस्तादाने लिहिलं. "चष्म्याचं दुकान पलीकडच्या गल्लीत."

सगळा ग्रुप खदाखदा हसला. ड्रायव्हरनेही हात धुऊन घेतले. "मावशी, बस चालवतो मी. आंधळा असतो तर एव्हाना पेपरात आलो असतो." त्यावर तर हसू आवरेना कुणाला. डोळा झाकून बघायला त्याला क्षणभर लागला असता, पण उस्तादासमोर मान कशाला खाली घालायची?

हिवाळा कोपरात गेला. घरी जेवणाच्या टेबलावर लाटणं धरून तो हात मागे-पुढे करायचा आणि बायको कपाळाला हात लावायची. खेळ सुधारायचा सोडून पार बाराच्या भावात गेला. उस्ताद म्हणाला, "सुधारायच्या आधी बिघडतंच."

उन्हाळा लागला तेव्हा डेपोच्या फाटकातून आत घेताना बसची उजवी बाजू खांबाला घासत गेली. आत कुणी नव्हतं म्हणून निभावलं. साहेबांनी तपासणीला पाठवलं.

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ यंत्रातून पाहिलं. "डोळ्यातला दाब वाढलाय. उजव्या डोळ्याची नस बरीचशी गेली. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली औषधाने सांभाळायची. आधी का नाही आलात? काहीच जाणवलं नाही?"

"जाणवलं होतं," तो म्हणाला. "मला वाटलं, कोपर चुकतंय."

बाईंना काही कळलं नाही.

स्टिअरिंग गेलं. त्याला चौकशीच्या खिडकीत बसवलं. आपल्याच बसवर दुसरा ड्रायव्हर चढताना तिथून नेमका दिसायचा.

एका सुट्टीच्या दुपारी त्याने ग्रुपवर सगळं लिहिलं. मावशीचं खरं होतं, मीच मूर्ख ठरलो, कुणाला असं होत असेल तर आधी डोळे तपासा. मग मावशीला वेगळं चार शब्द लिहावेत म्हणून तिचं नाव शोधलं. ती केव्हाच ग्रुप सोडून गेली होती.

खाली उत्तरं येत होती. उस्तादाने लिहिलं होतं, "एका डोळ्याने नेम उलट चांगला साधतो. फक्त पायांची ठेवण बदला." त्यावर कुणीतरी म्हणालं, साफ खोटं. मग दोघांची जुंपली आणि बाकीचे बाजू घेऊन उतरले. मध्येच एकाने विचारलं, "काठी विकायची असेल तर सांगा."

"काय म्हणतायत लोक?" बायकोने औषधाची बाटली हलवत विचारलं.

"भांडतायत."

तिने त्याच्या हातातून फोन काढून उपडा ठेवला. "मान मागे करा."

त्याने केली. पहिला थेंब गालावर पडला, दुसराही. तिने पदराने त्याचा गाल पुसला आणि बाटली पुन्हा डोळ्यावर धरली.