वृषालीच्या तीन चिठ्ठ्या

मित्रांनो, हात जपून लावा, मला गंज चढला आहे. मी पांढुर्ण्याच्या एका कॉलेजातली जुनी तक्रारपेटी आहे. सौंसरच्या मोरेश्वर वेल्डरने कुलरच्या उरलेल्या पत्र्यातून मला घडवलं. पहिल्या दिवशी मला हार घातला, नारळ फोडला. मी काय फुगले होते म्हणून सांगू!

पुढे कोणी पंखा बंद असल्याची चिठ्ठी टाकली, कोणी तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची रिकामी पन्नी. किल्ली सुरेश सरांकडे. तपासणी आली की ते मला उघडायचे, नाहीतर वर्षभर ढुंकूनही बघायचे नाहीत.

यंदा पोळ्याआधी रामाकोन्याहून येणारी वृषाली माझ्यासमोरच सरांना सांगत होती. वर्गातला कुलदीप रोज तिची वाट अडवायचा. ती बोलत नाही म्हणून त्याने धमकावलं होतं, "गोटमार होऊ दे, मग तुह्यावर नेम धरतो."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर गोटे मारतात, ती गोटमार. त्या दिवसांत इथे जो तो डोकं फोडायची भाषा करतो आणि मग सोबत चहा पितो.

"सर, मले लय भेव लागते," वृषाली म्हणाली.

सर हसले. "अवं, गोटमारीच्या दिवसांत सारेच असे बोलतात. तू बाहेरची, तुले नाही समजत. लयच वाटलं तं पेटीत टाक."

तिने चिठ्ठी टाकली. चार दिवसांनी दुसरी, मग तिसरी. सर रोज माझ्यासमोरून जायचे. मला ओरडता आलं असतं तर! जीव नुसता तडफडायचा.

गोटमार पार पडली. कॉलेज उघडलं त्याच सकाळी फाटकापाशी कुलदीपने गोटा मारला. वृषालीचा डावा डोळा गेला.

पोलीस आले. माझी किल्ली फिरेना, म्हणून कॉलेजच्या शिपायाने, मोतीरामने, हातोडीने कुलूप तोडलं. पोलीस साहेबांनी तिन्ही चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या.

"मले वाटलं, मजाक करून राहिला," एवढंच सुरेश सर पुटपुटले.

पंधरा दिवसांनी वृषालीचे वडील दादाजी तिचं नाव काढायला आले. दाखला घडी करून खिशात ठेवला आणि मोतीरामला विचारलं, "माह्या पोरीनं कोणाले सांगतलं होतं का?"

"सांगतलं होतं, भाऊ. आम्ही ऐकलं नाही."

काल मला नवं कुलूप लावलं. मित्रांनो, कोणी भेव लागते म्हणालं, तर त्याला माझ्याकडे पाठवू नका. मी पत्र्याची आहे. तुम्ही माणसं आहात, त्याच दिवशी ऐका आणि त्याच्यासोबत फाटकापर्यंत चला.