खडखड्याचा आवाज

टायपिस्टला डोळ्यांनी दिसत नव्हतं आणि गेली चौदा वर्षं खडखड्यावाचून त्याचं पान हलत नव्हतं. खडखड्या म्हणजे कॉम्प्युटरवरचा मजकूर वाचून दाखवणारा आवाज, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा. त्याला टायपिस्टने इतकं पळवलं होतं की दुसऱ्या कुणाला ओ की ठो कळत नसे. त्याच वेगावर तो डॉक्टरांच्या तोंडी नोंदी टाईप करून देई.

आता जुनी ऑपरेटिंग सिस्टीम चालणार नाही, असं हॉस्पिटलने कळवलं होतं. नवी त्याच्या म्हाताऱ्या मशीनला झेपेना. शाळेत कॉम्प्युटर शिकवणारी त्याची ताई म्हणाली, लिनक्स ही दुसरी सिस्टीम घालू, हलकी आहे. टायपिस्ट तीन आठवडे आज-उद्या करत राहिला. तिथे खडखड्या नसला तर? परक्या आवाजाची सवय व्हायला वर्ष जाईल, आणि तोवर हॉस्पिटल काय त्याच्यासाठी थांबणार होतं?

शेवटी रविवारी सकाळी ताई पेनड्राइव्ह घेऊनच आली. नुसतं यावरून चालवून बघू, जुन्याला धक्का लागणार नाही, म्हणाली.

मशीन सुरू झालं आणि कुणीतरी जड जिभेचा माणूस जिने चढत असल्यासारखा एकेक शब्द बोलू लागला.

"राहू दे, ताई. काढ ते."

ताई काढायला वळली, तेवढ्यात त्या आवाजाने वेळ सांगितली. 'वेळ'मधल्या ळवर तो अडखळला. त्या ळवर असं अडखळणारा टायपिस्टच्या ओळखीत एकच होता.

"थांब. वेग किती आहे याचा?"

"मुळात असतो तेवढा. मी हात लावलेला नाही."

टायपिस्टने वेग वाढवला, आणखी वाढवला, आणि डब्यातले खडे वाजू लागले. त्याचा जीव भांड्यात पडला. तो इतका हसला की ताईला त्याच्यासाठी पाणी आणावं लागलं.

"घालून टाक, आजच," तो म्हणाला.

ताई फायली उतरवून घेत होती, तोवर त्याने वेग पुन्हा अगदी कमी केला. चौदा वर्षांपूर्वीच्या त्या पहिल्या आठवड्यानंतर या बिचाऱ्याला आपण कधी सावकाश बोलूच दिलं नाही, असं त्याला वाटलं. जेवायची हाक येईपर्यंत तो खडखड्याचं ऐकत बसला.