आयचुरोकचा वरचा जबडा

टेबलावर मी जबडा रुंद करायच्या उपकरणाचे दोन नमुने ठेवले. एक काढता-घालता येणारी प्लास्टिकची प्लेट, मधोमध बारीक स्क्रू. दुसरा संपूर्ण धातूचा, कड्यांनी दाढांना चिकटवायचा. आयचुरोकचा वरचा जबडा अरुंद होता. चावताना वरच्या दाढा खालच्यांच्या आत बसत.

"हाच," तिनं प्लेट उचलली. "वाजवताना काढून ठेवता येईल."

मेमध्ये नारिन शहरात तिची तेमिर कोमुझची स्पर्धा होती. हे लोखंडी वाद्य दातांना टेकवून छेडतात. सूर घडतो तो तोंडाच्या पोकळीत. टाळूवर धातू आला तर जीभ फिरणार कुठे?

"काढून ठेवेल आणि विसरेल," तिची आई तोल्गोनाय म्हणाली. "मागच्या हिवाळ्यात तीन टोप्या हरवल्यात हिनं. प्लेट कुत्र्यापुढे सापडेल."

"दोनच टोप्या होत्या."

मी म्हटलं, "तेराव्या वर्षी प्लेटनं बहुतेक दातच बाहेर कलतात. टाळूमधला हाडांचा सांधा उघडायला चिकटवलेलाच लागेल."

"मग स्पर्धेनंतर लावा ना, एजे." थोरल्या बहिणीला म्हणतात तसं मला एजे म्हणत आयचुरोकनं विनवलं.

"स्पर्धा झाली की आम्ही मेंढ्या घेऊन वर कुरणात," आई म्हणाली. "तिथं डॉक्टर तुझ्यामागे घोड्यावरून येणार का?"

आयचुरोकनं प्लेट टेबलावर परत ठेवली. मला प्रश्न पडला, की सूर खरंच किती बिघडेल? मी स्क्रूच्या मापाचं मेण मऊ करून तिच्या टाळूला चिकटवलं. "वाजव बघू."

आवाज पार बसलेला. तिनं जीभ खाली नेली, पुन्हा छेडलं. खालचे सूर जमले.

"वरचा निघत नाही. जरा मागे सरकवा."

मी मेण मागे सरकवलं. वरचा सूर निघाला, थोडा घोगरा, पण निघाला. मी तिच्या जबड्याच्या साच्यावर त्याच जागी खूण केली आणि धातूच्या उपकरणाचा स्क्रू तिथंच बसवून घेतला.

उपकरण चिकटवल्यावर स्क्रू उघडायची किल्ली रोज फिरवायचं काम आईकडे होतं. दुसऱ्याच आठवड्यात ती लेकीला घेऊन दारात उभी. "दात फाकलेत हिचे. मी किल्ली बंद केलीय."

समोरच्या दोन दातांत स्पष्ट फट होती. "म्हणजे हाड उघडतंय," मी म्हटलं. "फिरवत राहा. काही महिन्यांत फट आपोआप बुजते."

आयचुरोकनं वाद्य दातांना टेकवलं, थोडं वाजवलं आणि थांबली. तिच्या धुनेत शेवटी खिंडीतला वारा येतो. तो भाग तिनं परत घेतला; फटीतून श्वास शीळ घालत सुटला, खरा वारा वाटावा तसा.

"एजे, मेपर्यंत तर बुजणार नाही ना?"