जास्तीची ज्वारी

दुकानदार मापात मारतो हे सेलूत शेंबडं पोरही सांगेल. पण दुकानदार मापात जास्त घालतो असं कुणी म्हटलं, तर आधी म्हणणाऱ्याचीच नियत तपासावी. मालनबाईने तेच केलं.

"मावशे, तीन किलो भरली," गिरणीवाला हरिओम म्हणाला.

"दोनच आनली मी. जास्तीचं दळन लावून पैसे उकळायलास का रे?"

हरिओमने पिशवी पुन्हा काट्यावर ठेवली. तीनच. मालनबाईने मुकाट्याने पैसे दिले आणि घरापर्यंत त्याच्या काट्याला शिव्या घातल्या. पुढच्या दळणालाही तसंच झालं. मग मात्र तिच्या डोक्यात किडा वळवळला. गिरणीचा काटा खोटा म्हणावा, तर पिठाचा डबा खरंच लवकर रिकामा होत नव्हता. म्हणजे ज्वारी दुकानातूनच जास्त येत होती. शांतम्माच्या दुकानातून.

शांतम्मा का देईल? कपाळाला विभूती लावली म्हणून कुणी किराणा फुकट वाटत नाही. ती आतल्या खोलीत ज्वारी मोजायची आणि पिशवीचं तोंड बांधूनच बाहेर आणायची. आधी मालनबाईला तो टापटीपपणा वाटायचा, आता त्यात काळंबेरं दिसू लागलं. त्यातच मागच्या आठवड्यात शांतम्माचा लेक विरेश टेप घेऊन दुकानाची मागची भिंत मोजत होता, आणि त्या भिंतीला लागूनच मालनबाईचं पत्र्याचं घर होतं. मालनबाईला सगळं उमगलं. बकऱ्याला कापायच्या आधी चारा घालतात तो असा.

आणि बकरं खरोखर अडचणीत होतं. नवरा नागनाथ जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी चढवताना गाडीवरून पडला. त्याची कंबर धरली ती धरलीच. जिनिंगच्या मालकाने दोनदा विचारपूस केली, मग फोन उचलणं सोडलं. उन्हाळ्यात शेतावर मजुरी नव्हती. गॅसची टाकी कोपऱ्यात रिकामी पडली होती आणि मालनबाई गल्लीत सांगत सुटली होती, "चुलीवरच्या भाकरीची चवच लय न्यारी." ज्वारी पाच किलोवरून दोनवर आली, तेव्हा म्हणाली, "दोघांना लागती किती?" समोरच्या मंजुषानेही हल्ली चूल मांडली होती. ती शिवणकाम करायची. आपली नक्कल करून ही मुद्दाम खिजवते, असं मालनबाईला पक्कं वाटे.

कळू द्यायचं नव्हतं कुणालाच. तिची आजेसासू गावात टोपली घेऊन दारोदार भाकरी मागायची. धर्मांतर झालं तेव्हा वस्तीने त्या टोपल्या फेकून दिल्या. सासू मरेपर्यंत बजावत होती, "उपाशी मर, पन कुनाच्या दारात हात पसरू नको." मालनबाईने हात पसरला नव्हता. पण न पसरलेल्या हातात कुणी गुपचूप घालत असेल तर काय करायचं, ते सासूने सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दळणाला तिने गिरणीवर सगळ्या बायांसमोर तोंड उघडलं. "शांतम्माचा काटा खोटा हाय. बघा, दोनची तीन भरायली."

झालं. बायांनी आपापल्या पिशव्या काट्यावर चढवल्या. तिघींची ज्वारी शांतम्माकडचीच होती. तिघींची बरोबर भरली, दाणा इकडे नाही की तिकडे नाही.

मंजुषाने तिच्याकडे पाहिलं. "मग तुझीच कशी गं जास्त?"

या प्रश्नाचं उत्तर कुठल्या दिशेला आहे ते मालनबाईला अंधुक दिसलं आणि ती घाबरली. घाबरलेलं माणूस ओरडतं. पिशवी उचलून ती तरातरा दुकानाकडे निघाली, आणि तमाशा चुकू नये म्हणून बाया मागोमाग.

"शांतम्मा, मतलब काय तुमचा? माझी जागा पायजे का? तसं तोंडावर सांगा. ज्वारी कशाला जास्त घालायलात?"

शांतम्माने पिशवीकडे पाहिलं. मालनबाईच्या मागे उभ्या असलेल्या बायांकडे पाहिलं. तिच्या तोंडाशी काहीतरी आलं होतं, ते तिने गिळलं.

"चुकलं, मालनबाई. माझा काटाच बिघडलाय."

"आमची तर बरोबर भरली," मंजुषा म्हणाली.

"कवा बरोबर दावतो, कवा न्हाई. भरवसा न्हाई त्याचा."

बाया कुजबुजत पांगल्या. मालनबाई जिंकली होती. जिंकल्यावर बरं वाटतं म्हणतात. तिला मात्र वाटेना. काट्यावर भरवसा नाही असं दुकानदारणीनेच सांगितल्यावर त्या दुकानात कोण पाय ठेवणार? दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या बाया पिशव्या घेऊन पार बाजारापर्यंत चालत जाऊ लागल्या.

सोमवारी मालनबाई चुलीपुढे बसली असताना पत्र्यापलीकडून विरेशचा आवाज आला. "आई, काटा तपासून आनला मी. काईच बिघाड न्हाई. मग का म्हनलीस तसं? सकाळपासून एक गिऱ्हाईक न्हाई."

"ती बाई समद्यांच्या म्होरं उभी हुती रं. मी खरं बोलले आसते तर तिची अब्रू गेली आसती."

"आन आपली?"

"दासोहाचं अन्न देताना देनाऱ्याचा हात दिसू नये, आसं तुझा आजा सांगायचा. मी काट्याआड लपवला. आता काट्यालाच बोल लागला, लागू दे."

मालनबाईच्या हातातली भाकरी तव्यावर करपली. विरेशच्या टेपचं कोडं तिला अजूनही सुटलं नव्हतं, पण टेप त्याचा होता आणि ज्वारी शांतम्माची. तिला स्वतःची अशी लाज वाटली की नागनाथने काय झालं विचारलं तरी तिला सांगता येईना. ती तशीच उठून गिरणीवर गेली.

गिरणी धडधडत होती. बाया रांगेत होत्या. मालनबाई मधोमध उभी राहिली आणि बोलली. कुणालाच ऐकू गेलं नाही.

"काय म्हनायलीस?" मंजुषाने कानाला हात लावला.

जे एकदा बोलताना जीव गेला, ते आता दुसऱ्यांदा बोलायचं, तेही ओरडून. मालनबाईने डोळे मिटले.

"शांतम्माचा काटा खरा हाय! ती मलाच जास्तीची घालत हुती! आमचे मालक कंबर धरून घरात पडलेत, आन—"

हिला काहीतरी झालं असं वाटून हरिओमने नेमकी तेव्हाच गिरणी बंद केली.

"—माझ्या घरात खायाला न्हाई!"

शेवटचं वाक्य पार दुकानापर्यंत गेलं असणार. पीठ हवेत तरंगत राहिलं. मालनबाईने डोळे उघडले नाहीत. आता कोण हसतं, एवढंच तिला ऐकायचं होतं.

मंजुषाने तिचं मनगट धरलं. 

"मालनमावशे, मीबी चूल चवीसाठी न्हाई पेटवत."