आतून कल्हई असलेली नळी

मी एक जुनी पितळी नळी आहे. लांबीने हातभर, जाडीने तुमच्या मनगटाएवढी. हल्ली एका शाळेच्या विज्ञानाच्या कपाटात फुटक्या भिंगाशेजारी पडून असते. मला फुंकणी समजून हसणारे पुष्कळ भेटतात. मित्रांनो, एके काळी मी आकाशातून येणारे कण मोजत होते.

माझा जन्म १९७४ साली भंडाऱ्यात, मारोतराव नावाच्या कारागिराच्या दुकानात झाला. मला बनवून घेणारा घनश्याम हा आसगावच्या धानशेतीवाल्या घरातला मुलगा. तो मुंबईच्या एका संशोधन संस्थेत कणांचा अभ्यास करत होता. त्याने माझ्या पोटातून केसासारखी बारीक तार ओवली, आत वायू भरला, दोन्ही तोंडे बंद केली आणि वीज जोडली. एखादा कण माझ्यातून गेला की यंत्र ‘टक्’ करायचे. माझ्यासारख्याच आणखी पाच नळ्या होत्या.

आम्हा सहाजणींना घेऊन तो तुमसरकडच्या मँगनीजच्या एका खाणीत उतरला. वरचा खडक बहुतेक कण अडवतो, म्हणून खाली टकटक जवळजवळ थांबायला हवी होती. ती थांबेना. खडकाचे स्वतःचे किरण वजा केले, तरी थोडी उरायचीच. घनश्यामला वाटले, खडकालाही न जुमानणारा नवाच कण सापडला. दोन वर्षे तो तेच मोजत राहिला. खोटे कशाला बोलू, मलाही शिंगे फुटली होती.

१९७६ च्या दिवाळीनंतर तो लिहून तयार झालेला निबंध घेऊन आसगावला आला. दुसऱ्या दिवशी अड्याळच्या पोस्टातून निबंध परदेशी जाणार होता, आणि घनश्यामची संस्थेतली पक्की नोकरी त्यावरच ठरणार होती. माझी तार तुटली होती, म्हणून माझी तोंडे उघडून त्याने मला आईला दाखवायला आणले. त्याच्या आईने, शकुनबाईंनी, मला उजेडात धरले, आत बोट फिरवले. बोट काळे झाले.

“मारोतरावानं कल्हईत शिसं घातलं,” त्या म्हणाल्या.

“तुले कसं समजलं?”

“बोट पाह्य ना. निरं कथिल काळं नाही सोडत.”

घनश्यामने मला हातात घेऊन आत पाहिले. माझे आतले पांढरे अस्तर त्याने शंभरदा पाहिले होते. पण जन्मापासून घरातले प्रत्येक पितळी भांडे आतून पांढरेच पाहिलेले, त्यामुळे ते त्याला खटकलेच नव्हते. शिशातून फार थोडे, पण सतत किरण निघतात. ती उरलेली टकटक आमच्याच पोटातली होती. मला त्या दिवशी लाज वाटली.

“मंग उद्या कागद पाठवतं का नाही?” आईने विचारले.

“नाही.”

त्याने निबंध पिशवीत परत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पोस्टाऐवजी भंडारा गाठला.

“काकाजी, कल्हई कायले केली?”

“बिनकल्हईचं पितळ माझ्या दुकानातून जात नाही,” मारोतराव म्हणाले. “उद्या वरण कळकलं तं नाव माझं जाईन.”

“याच्यात कोनी वरण नाही शिजवत, काकाजी.”

मारोतराव कुरकुरले, पण सहा बिनकल्हईच्या नळ्या त्यांनी करून दिल्या. त्या खाणीत जवळजवळ गप्प बसल्या. नवा कण नव्हताच. पक्की नोकरी दुसऱ्याला मिळाली, घनश्यामला आणखी पाच वर्षे थांबावे लागले. पुढे मात्र ठिकठिकाणचे शास्त्रज्ञ त्याच्याकडे पितळ, काच, सांधे जोडायचा डाक पाठवू लागले. यातून स्वतःचे किरण निघतात का, एवढे पाहून द्या, म्हणायचे. त्याने ‘ठीक आहे’ म्हटले की कोणी पुन्हा तपासत नसे.

१९८६ साली त्याने मला या शाळेला दिले. कोणी वर्षानुवर्षे हात लावला नाही, याची मला खंत आहे. मित्रांनो, मला बाहेरून खुशाल चिंचेने घासा, पण आतली कल्हई खरवडू नका. माझ्या गळ्यात घनश्यामने स्वतःच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी आहे. शाई फिकट झाली आहे, ती तेवढी जपा. तिच्यावर लिहिले आहे: “ही खोटे बोलली नाही. हिच्या आत काय आहे, ते मी विचारले नव्हते.”