नानी ट्रकचं पांढरं चाक

१९८१ चा सप्टेंबर. भोपाळच्या त्या सरकारी कारखान्यात विश्वकर्मा पूजेला पाच दिवस उरले होते आणि शांताराम बोरकरांच्या निवृत्तीला अठरा.

पूजेच्या दिवशी विश्वकर्म्याची मूर्ती ज्या ट्रकवरून टाउनशिपभर मिरवायची, तो लांब नाकाचा हिरवा ट्रक कारखान्याच्या पायाभरणीपासूनचा होता. सगळे त्याला नानी म्हणत. सतरा वर्षं मिरवणुकीत नानी चालवली ती शांतारामांनीच. ही शेवटची त्यांना चुकवायची नव्हती.

पण वाहन विभागाच्या नव्या साहेबांनी नानीच्या स्टीअरिंगवर हात ठेवला आणि लगेच उचलला. चाकावरचा काळा कडक थर जागोजागी निखळला होता, आतली लोखंडी सळई उघडी पडली होती.

"शांताराम, ये नहीं चलेगा. बुधवार तक ठीक करो, नहीं तो भगवान नई गाड़ी में जाएँगे. और नई गाड़ी वो नया ड्राइवर विजय चलाएगा."

इंद्रपुरीतल्या घरी शांताराम ताटावर बसले खरे, पण पोळीचा तुकडा मोडून तसाच धरून राहिले. त्यांची बायको सिंधू त्याच कारखान्यात वाइंडिंगला होती. मोठ्या मोटरींच्या तांब्याच्या वेटोळ्यांवर सुती टेप गुंडाळायची, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या अर्ध्यावर. शांताराम चारचौघांत सांगत, "आमची ही मोटरींना मलमपट्टी करते." लोक हसत. सिंधूला हे ऐकून ऐकून कंटाळा आला होता.

"नवीन चाक मिळत नाही का?" तिनं विचारलं.

"नानीच्या मापाचं? तिच्या बरोबरीच्या सगळ्या कधीच भंगारात गेल्या."

"मग काढून आणा ते. मी पट्टी बांधते."

"अगं, ते स्टीअरिंग आहे, मोटर नाही."

"गोल आहे ना? मग झालं."

रविवारी तिनं उरलासुरला काळा थर सुरीनं खरवडला, सळई घासून लखलखीत केली, जाडी यावी म्हणून तिच्यावर सुती दोरी गुंडाळली. सोमवारी चाक घेऊन ती कामावर गेली. सुपरवायझर दत्तात्रय केळकरांनी चष्मा वर केला.

"सिंधूताई, हे कुठल्या मोटरचं?"

"आमच्या घरातल्या मोटरचं. कुरकुर करतेय ती."

केळकर हसले. रिळांवर उरलेले, फेकून द्यायचे टेपचे तुकडे त्यांनी तिला दिले आणि चाक वेटोळ्यांबरोबर भट्टीच्या कोपऱ्यात ठेवायलाही परवानगी दिली. सिंधूनं टेप गुंडाळली, वार्निश पाजलं, भट्टीत घातलं. मंगळवारी सकाळी चाक बाहेर आलं ते पिकल्या खजुरासारखं, तुकतुकीत.

शांतारामांनी ते बसवलं आणि नानी बाहेर काढली. पहिल्याच वळणावर घामेजलेले तळवे चाकावरून सटकले आणि नानी गुलमोहराच्या आळ्यात जाऊन उभी राहिली.

"मोटरला बरं वाटलं असतं," शांताराम खाली उतरत म्हणाले.

सिंधूच्या लक्षात आलं. धूळ-पाणी चिकटू नये असा गुळगुळीत शेवटचा हात द्यायला तिचे हात शिकले होते. पण मोटरीचं वेटोळं कोणी घट्ट धरून बसत नाही.

संध्याकाळी तिनं पितळी परात उभी धरली आणि नवऱ्याचे तळवे कोरड्या कणकेत बुडवले.

"चालवा नानी. हात कुठे पडतात ते बघू दे. तिथे वरून वार्निश न पाजलेली कोरडी टेप लावते."

शांताराम पाटावर बसले. "हं, गेटातून निघालो," म्हणत त्यांनी परात फिरवायला सुरुवात केली. वळणं घेतली, परातीच्या मध्ये अंगठा दाबून हॉर्नही वाजवला. शेजारची रजनी, सिंधूच्याच विभागातली, दाराशी येऊन पोट धरून हसायला लागली.

परात थांबली तेव्हा कणीक काठावर सगळीकडे होती. रिकामी जागा बोटभर नाही.

"अहो, तुम्ही धरता तरी कुठे?"

"धरून वळत नाही ती. सोडत सोडत फिरवावी लागते."

म्हणजे सगळं चाक पुन्हा गुंडाळायचं. रजनी घरची टेप घेऊन आली. दोघी बसल्या, चाक शांतारामांच्या मांडीवर. थोड्या वेळानं त्यांनी हौसेनं स्वतः तीन वेढे दिले. सिंधूनं ते उलगडले.

"अर्ध्यावर यायला पाहिजे. ही मलमपट्टी आहे, मुंडासं नाही."

त्यांनी पुन्हा दिले. तिनं पुन्हा उलगडले. चौथ्यांदा ठेवले. जेवणाच्या वेळेपर्यंत चाक पांढरं, खरखरीत आणि मुठीत बसणारं झालं होतं.

बुधवारी साहेबांनी स्वतः नानी घेऊन आवारात दोन फेऱ्या मारल्या. "ये किसने किया?"

"हमारी मिसेस ने," शांताराम म्हणाले. "मोटरें बाँधती हैं. बड़ा बारीक काम है, साब."

सिंधूला हे रजनीकडून कळलं. तिनं दोनदा सांगायला लावलं.

गुरुवारी झेंडूच्या माळा घालून नानी निघाली. इंद्रपुरीच्या वळणावर शांतारामांनी ट्रक थांबवला आणि डावीकडचं दार उघडून सिंधूला आत घेतलं. वळण मोठं होतं. पांढरं चाक त्यांच्या तळव्यांतून सुटत, फिरत, पुन्हा मुठीत येत होतं. ती रस्त्याकडे न बघता त्याच्याचकडे बघत राहिली.

नानी पुढे पाच वर्षं चालली, विजयच्या हातात. त्यानं चाक बदललं नाही. टेप काळी पडली, पण निघाली नाही. केळकर निवृत्त होऊन नागपूरला गेले. रजनी त्याच विभागात चार्जहँड, म्हणजे तुकडीची प्रमुख, झाली आणि नव्या मुलींना अर्ध्यावर अर्ध्यावर म्हणत ओरडत राहिली. शांतारामांना दुचाकी कधीच जमली नाही. सिंधूनं पन्नाशीत लुना घेतली, मुठींना पांढरी सुती टेप गुंडाळली. जवाहर चौकात भाजीला जाताना शांताराम मागे पिशव्या धरून बसत आणि प्रत्येक वळणाआधी तिला सांगत, "सोडत सोडत फिरव."